बिरूची मोठी शेकोटी

मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. तेव्हा संध्याकाळचं धुकं डोंगरावरून हळूच उतरायचं आणि माळावर मेंढरांशेजारी बसून राहायचं. मग धुकं कुठलं आणि मेंढरं कुठली, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

त्या माळावर बिरू नावाचा धनगर आपल्या कुटुंबासह उतरला होता. दिवस मावळला की शेकोटी पेटे, आणि बिरूचे म्हातारे वडील, आबा, कोडी घालत.

"लाकडं चारली तर वाढतं, पानी पाजलं तर मरतं. सांगा काय?"

"इस्तव!" नात राही ओरडे.

मग आबा बोटं जुळवून टांगलेल्या घोंगडीवर हरणाची सावली नाचवत. बिरूची बायको राखेत रताळी पुरून ठेवी, आणि ती भाजेपर्यंत गाणी चालत. बिरूला वाटे, सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

पुढे हिवाळा वाढला. एका संध्याकाळी आबा कुडकुडले आणि बिरूचा जीव कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट लाकडं आणली, मग त्याहूनही जास्त. शेकोटी माणसाच्या उंचीची झाली. ऊब कसली, नुसता भडका! सगळे मागे सरकले. बिरूने आणखी लाकडं टाकली, सगळे आणखी मागे सरकले. आबांचा आवाज मुळातच बारीक, तो ज्वाळांच्या धडधडाटात पलीकडे पोचेना. घोंगडी पेटेल म्हणून काढून ठेवली. रताळ्यांचा कोळसा झाला. राही कोड्यांची वाट बघत बघत आईच्या कुशीत झोपून जाऊ लागली.

एके दिवशी आबा म्हणाले, "बिरू, उद्या मला खालच्या गावात तुझ्या धाकल्या भावाकडं पोचीव. हितं आता माझं काय काम न्हाई."

"आबा, थंडी वाजती व्हय? थांबा, अजून फाटी आणतो," म्हणत बिरू अंधारात पळाला. त्याचे डोळे भरून आले होते. आबा गेले तर या माळावर आपलं मन कसं रमणार, हे त्याला कळेना.

त्याच्या मागोमाग त्याचा कुत्रा खंड्या आला. तेव्हा जनावरांना बोलता येत असे. पण ती कामापुरतंच बोलत, म्हणून त्यांचं ऐकून कुणी कंटाळत नसे.

"धनी," खंड्या म्हणाला, "आधी मी निजलो की माझं डोस्कं आबांच्या पायावर आनि शेपूट राहीच्या मांडीवर असायचं. आता कितीबी लांब पसरलो तरी पोचत न्हाई. मधल्या जागंत लई गार लागतंय बघा."

बिरूने वळून पाहिलं. एवढा मोठा जाळ, आणि त्याच्याभोवती त्याची माणसं दूर दूर, एकेकटी बसलेली. गोळा केलेली लाकडं त्याच्या हातातून आपोआप खाली पडली.

तो रिकाम्या हातांनी परतला.

"अवो, जाळ बसतोय की!" बायको म्हणाली.

"बसू दे. जरा म्होरं सरका समदी."

जाळ हळूहळू खाली आला. माणसं पुढे आली, गुडघ्याला गुडघा लागला, एकच घोंगडी सगळ्यांच्या खांद्यांवर आली. राहीने आबांच्या मांडीवर डोकं टेकलं. आबा अगदी हळू बोलले, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"दिसा कुठं जात्यात ठावं न्हाई, राती आभाळात चरत्यात. सांगा काय?"

"चांदण्या!" सगळे एकदम ओरडले, आणि आबा पोट धरून हसले.

सकाळी बिरूने जड मनाने काठी उचलली. "निघायचं, आबा?"

"कुठं रं?" आबा म्हणाले. "राहीला सशाची सावली शिकवायची हाय आज. तू जा मेंढरांमागं."

तात्पर्य: आपल्या माणसाला ऊब द्यायची असेल, तर जाळ वाढवण्याआधी त्याच्याजवळ सरकून बसावं.