साळिंदराच्या नावाचा पार

फार पूर्वी, जनावरांनाही पक्क्या बांधकामाची हौस होती तेव्हा, चुनखडीच्या एका टेकडीशेजारी सिमेंटची भट्टी होती. निम्मी टेकडी तिच्या पोटात गेली होती. उरलेल्या निम्मीत साळिंदराचे बीळ होते.

एकदा तो खोकत खोकत भट्टीकडे गेला. "मावशी, जरा कमी पेटत जा."

"मी हौसेने पेटते का रे? कोळशाचा धूर वेगळा, भाजताना दगडातून सुटणारा वायू वेगळा, आणि शिव्या सगळ्या मला. तुम्ही मागणे थांबवा, मी विझते."

साळिंदराने चिंचेखाली सभा भरवली. झाडावर राहून गच्ची बांधायला नको होती, असे वानरांनी कबूल केले. यापुढे गरजेपुरतेच सिमेंट वापरायचे, असा ठराव झाला. भट्टी थंडावली आणि साळिंदराचा खोकला थांबला.

मग वानरांचा म्होरक्या म्हणाला, "साळिंदरराव, एवढे मोठे काम केलेत, त्याची आठवण नको? चिंचेभोवती सिमेंटचा पार बांधू, तुमच्या नावाचा."

"मला माती पुरते," चिंच म्हणाली. "आणि बसायला सावली आहेच."

साळिंदराचे काटे आनंदाने फुलले. "सगळ्यांचा आग्रहच असेल तर माझी हरकत नाही. फक्त नाव जरा मोठ्या अक्षरांत असू द्या."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. दगड जवळचा बरा, म्हणून साळिंदराच्या बिळाकडूनच काढला गेला.

पार उत्तम झाला. त्या दिवसापासून साळिंदर आपल्या नावाशेजारीच झोपू लागला. दुसरीकडे जागा नव्हती.