पाय काढा

चूक पोतनीस सरांचीच होती. गाडीची नाही, थंडीची नाही, पोराची तर नाहीच.

"उपाय सांग, बाबालाल!"

"पाय काढा."

"मी उपाय विचारतोय!"

"तोच सांगतोय, सर. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा."

पाचगणीतला डिसेंबर, सकाळचे पावणेसात. कानटोपी घातलेला बाबालाल मिस्त्री बॉनेटमध्ये वाकलेला. जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर निवृत्त मुख्याध्यापक. पस्तीस वर्षं पोरांना अंगठे धरायला लावलेला माणूस. ऐकून घ्यायची सवय कुठून असणार?

काल ते मुलाला म्हणाले होते, "कॉलेज सोडलंस ना? आता माझं नावही सोड."

कौशिकनं पहाटे बॅग उचलली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तीन किलोमीटरवरच्या नाक्यावरून सातची एसटी. ती सुटायच्या आत सरांना ते एक वाक्य परत घ्यायचं होतं.

त्यांनी पुन्हा पेडल हाणलं. दोनदा, पाचदा. पेट्रोलचा भपकारा आला.

"चोक ओढलाय, पेट्रोल देतोय, तरी का घेत नाही ही?"

"ओव्हर झालीय. प्लग भिजलेत. उपाशी नाही ती, पोट तुडुंब भरलंय. तुम्ही वरनं कोंबताय."

"मग?"

"चोक आत. पाय बाजूला. दहा मिनिटं गप बसा. अजून गाठाल."

"दहा मिनिटं?"

"नायतर माझ्या लुनावर बसा मागं. सोडतो."

"मी? लुनावर? त्याच्यासमोर?"

सरांनी चोक आत ढकलला.

एक मिनिट... तीन... सहा...

सरांचा पाय गेलाच. खस्स. खस्स.

बाबालालनं घड्याळ बघितलं. "आता परत पहिल्यापासनं दहा."

"अरे, पण मी जरासाच..."

"वर्गातपण असंच, सर. उत्तर ओठावर यायच्या आत तुमची छडी यायची."

सरांनी उजवा पाय उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. लहान पोरं बसतात तसा.

खाली घाटात एसटीचा हॉर्न वाजला. एका वळणावर... मग पुढच्या...

सर हलले नाहीत.

"आता फिरवा किल्ली," बाबालाल म्हणाला.

एका किल्लीत इंजिन लागलं. घुमायला लागलं.

बाबालालनं बॉनेट लावलं. फडक्याला हात पुसले.

"गाडी चालू झाली, सर. एसटी गेली."