अण्णांचे दात नागपूरला जातात

तळेखेड नावाच्या गावात गेनू नावाचा एक भोळा पुतण्या होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी. सगळा घोटाळा त्यातूनच होई.

त्याचे काका, म्हणजे अण्णा, मित्राच्या नातीच्या लग्नाला नागपूरला गेले होते. रविवारी ते स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणणार होते. सहा महिने त्यांनी अख्ख्या घराला त्या ऐकवल्या होत्या. निघताना 'काही विसरू नका' असं सगळ्यांना बजावलं आणि स्वतःची कवळी ताकाच्या भांड्याशेजारी विसरले.

गुरुवारी फोन आला. "गेनू, दात पाथव! लग्नाआधी!"

काकूंनी कवळी डबीत घातली. गुडघे दुखत असल्याने त्या झोपाळ्यावरून हलत नसत. हुकूम मात्र तिथूनच सोडत. "कुरिअरला दे. आणि डबीवरून नजर हटवू नकोस!"

गेनूने मान डोलावली.

कुरिअरच्या दुकानात प्रमिला नावाची मुलगी बसायची. गेनूने डबी तिच्यापुढे ठेवली आणि बघत उभा राहिला. संध्याकाळ झाली.

"दादा, कुलूप लावायचंय मला."

"नजर हटवायची नाही."

"मग घरी न्या आणि घरीच बघा!"

गेनूने डबी घरी नेली आणि बघत बसला.

"अरे बावळटा," काकू ओरडल्या, "एकदा हातातून सोडलं की मागे वळून बघायचं नाही!"

गेनूने मान डोलावली.

शुक्रवारी त्याने डबी ठेवली आणि वळला. "अहो दादा, पत्ता कोण सांगणार?" प्रमिला दारापर्यंत धावली. गेनूने मागे बघितलं नाही.

दुपारी काकूंनी पावती मागितली. मग पुन्हा त्याचीच पाठवणी झाली. "पत्ता सांग! आणि भलत्याच कुणी दात घेतले तर काय, तेही विचार."

प्रमिलाने सगळं समजावलं. "घेणाऱ्याचं ओळखपत्र बघतो आम्ही. फोटो आणि तोंड जुळलं तरच पार्सल द्यायचं. नाही जुळलं तर आलं तिथे परत. पण आजची गाडी गेली, दादा. आता सोमवारी पोचेल."

गेनूने डबी घरी आणली. सोमवार ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे अण्णा बोळक्या तोंडाने मंगलाष्टका म्हणणार? ते काही नाही. आता तूच कुरिअर! उद्या बस नाही, रविवारी पहाटेची धर. आणि वाटेत कुठे थांबू नकोस!"

गेनूने मान डोलावली. कुरिअर झाल्याचा त्याला फार आनंद झाला.

बस चहाला थांबली. सगळे चहा प्यायले. गेनू मात्र उतरून नागपूरच्या दिशेने चालू लागला. वीस मिनिटांनी मागून बस आली.

"ए बाबा, चढ!" कंडक्टर म्हणाला. "पळतोस कशाला?"

"मला थांबायचं नाहीये."

असं तीन थांब्यांवर झालं. तरी गेनू वेळेत पोचला. मांडवात अंतरपाट धरलेला होता. भटजी घड्याळ बघत होते. अण्णा दोन्ही हात पसरून धावत आले.

"आण, आण लवकल!"

गेनूने डबी पाठीमागे धरली. "ओळखपत्र?"

सवलतीच्या तिकिटासाठी अण्णा कार्ड खिशातच बाळगत. त्यांनी ते काढून दिलं. गेनूने फोटो बघितला. त्यात गाल भरलेले होते, तोंड गोल होतं. मग समोर बघितलं. समोरचं तोंड नाडी ओढलेल्या बटव्यासारखं आत गेलेलं.

"जुळत नाही, आजोबा."

"गाधवा, दात घातले की जुलेल!"

"आधी जुळू दे. मग दात."

अण्णांनी गाल फुगवले. गेनूने पुन्हा फोटो बघितला आणि मान हलवली. भटजींनी हाक मारली. अण्णांना माइकपुढे जावंच लागलं. "थुभमंगल थावधान" म्हणताना पहिल्या रांगेतल्या वऱ्हाडींनी रुमाल काढले. नवरी अंतरपाटाआड इतकी हसली की हार खाली पडला.

तोवर गेनू परतीच्या बसमध्ये बसला होता.

रात्री काकूंनी झोपाळ्यावरूनच विचारलं, "पोचले का रे दात?"

गेनूने डबी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अण्णा काही भेटले नाहीत, काकू. त्यांचं कार्ड चोरलेला एक म्हातारा मात्र फार मागे लागला होता. पण मी काही फसलो नाही!"