एकतीस पानं

“मग यंदा तिला कोणतं पुस्तक देऊ, ते तुम्हीच सांगा गुरुजी.”

आष्टुरे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मोमीन गुरुजी सतरंजीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर एक पुस्तक उघडं होतं आणि सदऱ्यावर, पुस्तकावर, सतरंजीवर पावाचा चुरा सांडला होता.

म्हातारपण, सरांच्या मनात आलं. खाल्लेलं झटकायचंही सुचत नाही.

दिगंबर आष्टुरे पुण्याहून देगलूरला आले होते ते एवढ्या एका प्रश्नासाठी. साठी ओलांडलेला माणूस. मुलांनी काय वाचावं हे ठरवणाऱ्या तीन समित्यांवर त्यांचं नाव होतं. या विषयावर ते दोन-दोन तास बोलत. समोर मात्र कधी एखादं मूल बसलेलं नसे. मोमीन गुरुजींनी त्यांना सातवीला शिकवलं होतं. आता गुरुजींचं वय शहाऐंशी. वाचनालयामागच्या खोलीत राहून ते जुन्या पुस्तकांची डागडुजी करत.

सरांची नात जुई बारा वर्षांची. दर मे महिन्यात ती आजोळी येई, आणि आल्याच्या दिवशीच आजोबा तिच्या हातात सुट्टीचं पुस्तक ठेवत. पाच वर्षं हे चाललं होतं. यंदा तिनं फोनवर सांगितलं, “आजोबा, पुस्तक देणार नसाल तरच मी येते.”

ते वाक्य सरांना फार लागलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्यांच्या शब्दावर शाळा पुस्तकं घेतात, त्यांच्याच घरातली पोर पुस्तक नको म्हणते!

“यादी आणलीये,” सरांनी खिशातून कागद काढला. “चौदा नावं आहेत. सगळी मी स्वतः पारखलेली. यातलं एक सांगा, म्हणजे झालं.”

गुरुजींनी यादी घेतली, घडी घातली आणि मांडीवरच्या पुस्तकात खुणेला ठेवून दिली.

“मागच्या वर्षी कोणतं दिलंस?”

“ते आणलंय. मुद्दाम आणलंय. तिनं त्याचं काय केलंय, ते बघाच तुम्ही.”

एका नावाड्याच्या मुलीच्या प्रवासाची गोष्ट होती ती. गुरुजींनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुस्तक मधूनच उघडलं. ओळींखाली लाल पेन्सिलीच्या सरळ रेघा होत्या. समासात सरांचं टपोरं अक्षर होतं. ‘किती सुंदर वर्णन! पुन्हा वाच.’ ‘इथे थांब. विचार कर.’ ‘हे पुढे आयुष्यात उपयोगी पडेल.’

“या खुणा तुझ्या?”

“माझ्याच. द्यायच्या आधी प्रत्येक पुस्तक मी तिच्यासाठी असं वाचून ठेवतो. महत्त्वाचं काही तिच्या नजरेतून सुटू नये म्हणून.” मग जरा अभिमानानं ते म्हणाले, “ही सवय तुमचीच, गुरुजी. तुम्ही अशाच रेघा मारून आम्हाला पुस्तकं द्यायचात. त्या रेघांवर तर मी इथवर आलो.”

गुरुजींचा हात पानावर थांबला...

“आता सुरुवातीची पानं बघा,” सर म्हणाले.

सुरुवातीची पानं खरखरीत झाली होती. जिथं रेघा होत्या, तिथं आता गुलाबी फराटे होते. समासातला कागद घासून घासून पातळ झाला होता. बत्तिसाव्या पानाला मधोमध भोक पडलं होतं.

“रबर घेऊन बसली! आजोबांनी इतक्या मायेनं केलेलं काम, आणि ही ते खोडत बसली. पान फाटलं तेव्हा घाबरली आणि पुस्तक गुपचूप माझ्या कपाटात सरकवून गेली. मला यंदा सापडलं. वाचलं असतं तर एक वेळ ठीक होतं...”

“फाटलं कुठं?”

“बत्तिसाव्या पानाला.”

“म्हणजे एकतीस झाली होती.”

“खोडून झाली होती.”

गुरुजींनी पुस्तक सरांच्या हातात दिलं आणि आठव्या पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोपरा दुमडलेला होता. पंधराव्याचा दुमडलेला होता. तेविसाव्याचाही. रोज जिथं थांबायची, तिथं पोरीनं खूण करून ठेवली होती.

सर त्या कोपऱ्यांकडे बघत राहिले...

“आधी खोडायची,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि मग वाचायची.”

त्यांनी दुमडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“दुपारभर पलीकडच्या खोलीत दार लोटून बसायची, गुरुजी. मला वाटायचं, वेळ वाया घालवतेय. एकदा रागावलोसुद्धा. म्हटलं, मी दिलेलं पुस्तक कधी उघडणार आहेस?”

समित्यांवरच्या माणसाला हे असं बोलायची सवय नव्हती.

गुरुजींनी मांडीवरचं पुस्तक त्यांच्याकडे वळवलं. वाचनालयाचा जुना शिक्का होता, आणि ओळींखाली लाल रेघा. गुरुजींनी शिळ्या पावाचा तुकडा बोटांत धरला आणि एका रेघेवर हलके हलके फिरवला. चुरा पडला. पडला तो लालसर होता.

सरांनी आता गुरुजींच्या सदऱ्याकडे नीट बघितलं. तिथला सगळाच चुरा लालसर होता.

“या रेघा कुणाच्या?”

“माझ्या. चाळीस वर्षं मारल्या. नऊ वर्षं झाली, पुसतोय.”

“अजून... किती राहिल्यात?”

गुरुजींनी भिंतीकडे मान वळवली. तिथं पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं होती.

मग गुरुजींनी पातळ कागदाची पट्टी फाडली, तिला खळ लावली आणि बत्तिसाव्या पानाचं भोक बुजवलं. पान वाळेपर्यंत ते त्यावर फुंकर घालत राहिले.

“दुसरी प्रत आणतो,” सर म्हणाले. “नवी, कोरी. हे असलं पुस्तक तिला कसं देऊ?”

“एकतीस पानं तिनं केलीत.”

गुरुजींनी उरलेला पाव मोडला आणि अर्धा सरांपुढे सरकवला. “रबरानं कागद फाटतो. पाव घ्यायचा. दोन दिवसांचा शिळा.”

“यानं सगळं जातं?”

“नाही. डोळा अडकणार नाही एवढं जातं.”

सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बत्तिसाव्या पानापासून सुरुवात केली. पहिल्यांदा हात जड पडला तेव्हा गुरुजींनी नुसतं मनगट धरून सैल केलं, पन्नास वर्षांपूर्वी अक्षर सुधारताना धरायचे तसंच. परतीची दीडची बस गेली. एका पानावर त्यांचीच सूचना आली, ‘इथे थांब. विचार कर.’ सर थांबले. शेजारची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग पाव फिरवला.

शेवटचं पान झालं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सरांच्या मांडीवर, शर्टावर लालसर चुरा पडला होता. त्यांनी तो झटकला नाही. पुस्तक दोन्ही हातांत धरून ते उठले आणि दारात जाऊन परत वळले.

“गुरुजी... तिच्या हातात देताना काय म्हणू?”

“दे, आणि पाणी प्यायला आत जा,” गुरुजी म्हणाले. “सावकाश पी.”