गाणं संपल्यावरचा पियानो

"मग मी वाजवायचं तरी कोणासाठी, सर?"

जेरोम पास्कोल सरांच्या घरी दारातूनच तणतणत आला होता.

आदल्या दिवशी वसईच्या चर्चच्या सभागृहात ग्रेटा लोपीस जर्मन संगीतकार शुमानची गाणी गायली. पियानोवर जेरोम होता. या शुमानची एक खोडच आहे. गाणाऱ्याचे शब्द संपले तरी त्याचा पियानो थांबत नाही. मनात राहिलेलं तो सावकाश सांगत बसतो.

पण ग्रेटाचा शेवटचा शब्द संपला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जेरोमचा पारा चढला. वाजवणं अर्ध्यावर टाकून तो सरळ उठून गेला.

पास्कोल सरांनी वसईतल्या दोन पिढ्यांना पियानो शिकवला. आता संधिवाताने बोटं आखडलीत. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

"रविवारी परत कार्यक्रम आहे ना?" सरांनी विचारलं.

"ग्रेटाने दुसरा कोणी बघावा. मी यापुढे एकट्याचंच वाजवणार."

"बरं… काल कुठे सोडलंस?"

"आता काय आठवतंय?"

"मला आठवतंय. बस."

सरांनी पियानोवर उघडलेल्या स्वरलिपीच्या वहीतल्या एका ओळीवर वाकडं बोट टेकवलं.

जेरोम नाइलाजाने बसला. तिथून शेवटपर्यंत वाजवलं. जेमतेम मिनिटभराचं काम. शेवटचा सूर विरला…



निघताना शिष्याने मान झुकवायची आणि सरांनी डोक्यावर हात ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. रागातही जेरोमची मान सवयीने झुकली.

सरांनी हात ठेवला नाही. त्याचाच उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

जेरोम ओशाळला. "सर, हे काय करताय?"

"शुमानला पियानोवादक व्हायचं होतं. ऐन विशीत उजव्या हाताचं बोट निकामी झालं. मग सगळा जीव लिहिण्यात ओतला… हा शेवट मला दहा वर्षांत वाजवता आलेला नाही. काल चौथ्या रांगेत त्याचीच वाट बघत होतो. आज ऐकवलास. फार बरं वाटलं."



"चुकलं, सर," जेरोम हळूच म्हणाला. "पण रविवारीही लोक मध्येच टाळ्या वाजवतील."

"वाजवू देत. खूश होऊन वाजवतात बिचारे."

सरांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता.

"शुमान, मी आणि तू… तिघांत मिळून धड उजवा हात एकच. रविवारी वेळेवर घेऊन ये."