दुर्पी यातली कोणती?

बडबड बंद. ऐका. एका माळावर, बरं का, यल्लवा नावाची बाई राहायची. तिचा नवरा हणमा, लेक दुर्पी आणि एक मोठी काळी डुकरीण. डुकरिणीला पिल्लं किती? मोजायला गेलं की पळायची, त्यामुळं कुणालाच धड ठाऊक नाही!

यल्लवाचं रान एवढंसं. काट्याच्या कुंपणानं त्याचे तुकडे पाडलेले. आज डुकरं या तुकड्यात, चार दिवसांनी पुढच्या. त्यांनी उकरलं की मागनं नाचणी पेरायची. एक कोपरा तेवढा माळाच्या देवीचा. तिथं डुकरं सोडायची नाहीत.

एकदा दुर्पी एकटीच डुकरं घेऊन गेली. सगळी कुंपणं दिसायला सारखीच! ती गोंधळली आणि नेमकं देवीचंच कुंपण उघडून बसली. मग डुकरिणीनं उकरला एक तांबडा कंद. वास असा गोड! दुर्पीनं खाल्ला की हो एक घास. आणि तिचं झालं काळं पिल्लू.

संध्याकाळी यल्लवा हणमाला घेऊन आली. बघते तर झुडपाला परकर अडकलेला आणि पोरीचा पत्ता नाही. तेवढ्यात डुकरीण माणसासारखी बोलली, "तुझी दुर्पी माझ्या पिल्लांत आहे. दिवस बुडायच्या आत उचल. पण एकदाच उचलायचं. चुकलीस तर ती माझी."

यल्लवा पिल्लांत शिरून एकेक बघू लागली. सगळी पिल्लं काळी, सगळी चिखलात लोळलेली. हणमा डोकं खाजवत म्हणाला, "मला तर ह्यातलं प्रत्येकच दुर्पी वाटाय लागलंय."

मग यल्लवानं हाक मारली, "दुर्पेऽ!" सगळीच धावत आली. मग दुर्पीच्या आवडीचा गूळ पुढं धरला. सगळ्यांनी खाल्ला. गोंधळात हणमानंही खाल्ला. दिवस तर चालला खाली!

मग ती म्हणाली, "अवो, डुकरिणीला निजवा." हणमानं पोट खाजवलं, तशी डुकरीण आडवी होऊन हुं हुं करत पिल्लांना बोलावू लागली. आता डुकराच्या पिल्लाचं असं असतं, जन्मल्यावर भांडून एक सड धरला की तोच त्याचा. दुसरीकडं तोंड लावत नाही. सगळी पळाली आपापल्या जागेवर. उरेल ती दुर्पी!

पण उरली दोन.

एक दुर्पी. दुसरं एक दुबळं पिल्लू, भावंडांनी त्याला कधी जागाच दिली नव्हती. दोघंही थरथरत उभी, कुठं जावं ते कळेना. यल्लवालाही कळेना. ती रडायलाच लागली.

"अगं, उचल कुठलंतरी!" हणमा ओरडला.

"आणि दुसऱ्याला कुठं टाकू?" असं म्हणून तिनं पदर पसरला आणि दोघांना एकदमच उचलून छातीशी धरलं.

दिवस बुडाला. पदर जड झाला. बघते तर एका हातावर दुर्पी, मळकी, रडकी. दुसऱ्या हातावर पिल्लू गाढ झोपलेलं.

डुकरिणीनं एक डोळा उघडला. "ने त्यालाही," ती म्हणाली, "माझ्याकडं त्याला जागा नव्हतीच."

मग काय, यल्लवाच्या एका कुशीला दुर्पी, दुसऱ्या कुशीला पिल्लू, आणि हणमा बिचारा दाराशी. सुखानं राहिली सगळी. आता तुम्हीपण सरका जरा, त्या धाकटीला मध्ये घ्या, आणि मिटा डोळे.