शिरोबांची उंची

त्या राज्यात पाण्याला फक्त खाली जायचं ठाऊक होतं. राज्य म्हणजे एक पितळी तपेलं, ओट्यावर ठेवलेलं, आणि प्रजा म्हणजे त्यातले थेंब. वरून पडायचं, पडलं की तळ गाठायचा, तळाला जागा नसेल तर दुसऱ्याच्या डोक्यावर बसून राहायचं, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. वर काय आहे असं एखाद्याने विचारलंच तर वडीलधारे म्हणत, "वरचं ते ढगांचं. आपलं काय आहे तिथे?" मग विषय मिटायचा.

या तपेल्यात निथळी आणि झिरपी अशा दोघी बहिणी राहायच्या. झिरपीला लहानपणापासून खोड, दिसेल त्या फटीत डोकं घालायची. एके दिवशी वालाचा एक दाणा भिजायला पडला, आणि ही बया सालीतून आत शिरली ती शिरलीच. दाणा टम्म फुगून जागा झाला. संध्याकाळी वरून हात आला, त्याने दाणा उचलला आणि ओट्याखालच्या कुंडीत, कोरड्या ठणठणीत मातीत अर्धाच खोचला. आता जागं झालेलं बी पुन्हा झोपत नाही, हे राज्यात सगळ्यांना माहीत होतं. चार दिवसांत ओल पोचली तर कोंब, नाहीतर दाणा सुकणार आणि आतली झिरपीही जाणार. निथळीच्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्याच दिवशी आक्रीत घडलं. हाताने तपेल्यात काचेची एक नळी उभी केली. आत भोक कसलं, केसाएवढा बोळ. बोळाच्या तोंडाशी उभे असलेले थेंब काचेला नुसते टेकले आणि सरसर वर निघाले. वर, बरं का! मागून कुणी ढकलत नव्हतं, वरून कुणी उपसत नव्हतं. काच पुढच्याला ओढून घेत होती आणि पुढचा मागच्याला. ऐसपैस तपेल्यात जे कुणाच्या बापजन्मी जमलं नव्हतं ते त्या चिंचोळ्या जागेत जमत होतं. सगळं राज्य खवळून उठलं, म्हातारेसुद्धा काठाकाठाने नाचायला लागले.

निथळी धावत त्या गर्दीत घुसली. पाण्याच्या वर नळी दोन बोटं होती, तपेल्याच्या काठाच्या किंचित वर. बघता बघता सगळे तिच्या तोंडाशी पोचले. सर्वांत पुढे एक गोलमटोल थेंब होता, त्याला लोकांनी तिथल्या तिथे म्होरक्या ठरवून शिरोबा करून टाकलं. त्याच्या मागोमाग निथळी. तिथून तिला काठापलीकडची कुंडी दिसली. दाण्याला एका अंगाने सुरकुती पडायला लागली होती.

"शिरोबा, तो खाली दाणा दिसतोय ना? माझी बहीण आहे त्यात. तुम्ही एवढे ओसंडा, आम्ही येतोच मागून."

"नळी इथे संपली म्हणून," शिरोबा म्हणाले, "नाहीतर अजून दोन बोटं सहज गेलो असतो."

"अहो, वर नको आता. पलीकडे चला."

शिरोबांनी काठाबाहेर अंग काढून पाहिलं. पुढे काच नव्हती. धरायला काही नाही म्हटल्यावर त्यांनी अंग चोरलं आणि काठाला घट्ट चिकटून बसले. "पोरी, वर चढलेल्याने सांडू नये. शोभत नाही," ते म्हणाले. खालून जयजयकार चालूच होता. दिवसभर निथळी त्यांच्या पाठीशी अडकून राहिली, आणि तिला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी हाताने तपेल्याच्या काठावर एक जुनं सुती फडकं टाकलं. हळदीचे डाग पडलेलं, दशा सुटलेलं. एक टोक पाण्यात, दुसरं ओट्यावरून खाली कुंडीवर लोंबतं. शिरोबा खो खो हसले. "दोन बोटांची चढण आणि पुढे सगळा उतारच. उतरायचंच तर चढावं कशाला माणसाने?" नळीभर हशा पिकला. निथळी मात्र नळीतून माघारी आली आणि फडक्यापाशी गेली.

"धाग्याला धर, बाई," फडकं म्हणालं, "आणि मागच्याचा हात सोडू नकोस. एवढंच आहे."

आत काळोख होता. पण काय ती वाट! एका नळीत एकच बोळ, इथे धाग्याधाग्यात शंभर बोळ, आणि प्रत्येक बोळात कुणी ना कुणी पुढे. निथळीने एकीला ओढलं, तिने तिघांना, तिघांनी तिसांना. तळाचे, कधी हललेसुद्धा नव्हते असे थेंब वर येत होते. काठाशी निथळी थबकली. पुढे कोरडं कापड, खाली खोल उतार. तिने धागा धरला आणि पुढे झाली. वाट खाली वळली, आणि पुढच्यांचं वजनच मागच्यांना ओढायला लागलं. दशीच्या टोकाशी ती लोंबकळली, मागचे येऊन मिळाले तशी जड झाली. पडायला तर ती जन्मापासून शिकलेली होती. ती पडली.

मातीच्या कणाकणांतून ती दाण्यापाशी पोचली. साल चामड्यासारखी झाली होती. "झिरपे?" तिने हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली.

"किती उशीर गं," आतून बारीक आवाज आला. "ये लवकर. इथून एक वाट वर जातेय."

मग रात्रंदिवस टपटप चालू राहिली. तपेल्यातलं पाणी ओसरायला लागलं. नळीतल्या कुणीतरी घाबरून ते शिरोबांच्या कानावर घातलं. शिरोबांनी खाली पाहिलं आणि पाण्यापासून स्वतःपर्यंत मोजलं. तीन बोटं भरली. "काल दोन होती, आज तीन," ते म्हणाले. "घाबरता काय, वाढलोय मी." दुसऱ्या दिवशी साडेतीन भरली, आणि नळीत पेढ्यांची भाषा सुरू झाली.

सहाव्या दिवशी कुंडीतली माती तडकली आणि वालाने वाकलेली मान बाहेर काढली, ओली, हिरवी. आत दोघी बहिणी एकमेकींना ओढत चढत होत्या आणि मागून सगळा तळ येत होता. इकडे तपेल्यात पितळ उघडं पडलं होतं, नळीच्या बुडाशी नुसती ओल उरली होती. शिरोबांनी पुन्हा मोजलं. पुरती चार बोटं. "जागा न सोडता दुप्पट," त्यांनी जाहीर केलं. नळीत टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि नळीबाहेर तो ऐकायला कुणीच उरलं नव्हतं.